खंडेनवमीचा पेपर

नियोजन कशाला म्हणतात ते माझ्याकडून शिकावं! ही बढाई नव्हे, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात आणि कुठली बिजागरी कुठल्या शिफ्टला कुठल्या मशिनवर बनायची, हे मी ठरवतो. तुम्ही कधी गाडीचं दार उघडलं असेल आणि ते तुमच्या हातात आलं नसेल, तर त्या सुखात माझाही थोडा वाटा आहे. आजवर कुणी आभार मानले नाहीत, तो भाग वेगळा.

तर असा मी, विलास थिगळे, मुक्काम दिघी, नोकरी सांभाळून एमबीए करत होतो. या वयात माणसाला गुडघेदुखी होते, मला एमबीए झालं. कारण साधं होतं. आमच्याकडे असिस्टंट प्लँट मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली होती आणि मुख्य कार्यालयाची अट होती: त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे व्यवस्थापनाची पदवी हवी. खुर्चीकडे डोळे लावून बसलेले दोघे. एक मी आणि दुसरा क्वालिटीतला गणराज. त्याचं एमबीए पूर्ण व्हायला अजून वर्ष होतं. माझा एकच पेपर राहिला होता. मनुष्यबळ व्यवस्थापन!

घरात मुलगी दहावीला आणि बाप एमबीएला. अभ्यास दोघांचा, पण बदामाचं दूध एकीलाच. एकदा वर्षालीला, म्हणजे बायकोला, व्यवस्थापनशास्त्रानुसार तिची बलस्थानं आणि उणिवा सांगायला गेलो. बलस्थानं तिने शांतपणे ऐकली. उणिवांना हात घातला त्या संध्याकाळी स्वयंपाक झाला नाही.

एकच पेपर राहिला होता खरा, पण तो दोनदा बुडाला होता. आमच्या परीक्षा लॅपटॉपवर, समोर कॅमेरा, आणि पलीकडून एक बाई आपल्यावर सतत नजर ठेवून. बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, खोलीत दुसरं माणूस नको. तीन ताकिदी झाल्या की परीक्षा रद्द!

पहिल्या खेपेला घरीच बसलो. आमच्या घरामागे लष्कराची हद्द. नेमका त्याच दिवशी त्यांचा सराव निघाला. धाड्! मी दचकून मागे पाहिलं. ताकीद. धाड्! पुन्हा पाहिलं. तिसऱ्या धाडला देशाचं संरक्षण झालं आणि माझा पेपर शहीद झाला.

दुसऱ्या खेपेला पिंपळे गुरवला मेव्हण्याच्या फ्लॅटवर बसलो. किसन त्याचं नाव. टॉवेल गुंडाळून, डोक्याला साबण फासून तो थेट कॅमेऱ्यासमोर आला. "दाजी, गिझर कुठून चालू करायचा?" स्वतःचं घर, स्वतःचा गिझर, आणि विचारतोय मला! ताकिदीची वाटही न पाहता समोरच्या बाईंनी परीक्षा बंद केली. साबणामुळे असेल.

आता तिसरी खेप. शेवटची. ही गेली की नोंदणीच रद्द. सगळे रविवार पाण्यात आणि खुर्ची गणराजच्या बुडाखाली!

म्हणून यंदा मी नियोजन केलं. पेपर आला होता खंडेनवमीला. बाकीचे विद्यार्थी सणाच्या नावाने ओरडले, मी मनात पेढा खाल्ला. खंडेनवमीला कंपनीत एकही मशिन चालत नाही. सकाळी ती धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून नवरीसारखी सजवतात. पाने, हातोडे, ड्रिल, सगळी हत्यारं अंगणातल्या मांडवात पूजेला नेतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही! म्हणजे शेडमध्ये स्मशानशांतता. आणि शेडच्या कोपऱ्यात आमची गेज रूम. मोजमापाची नाजूक उपकरणं ठेवायची काचेची खोली. एसी चालू, धूळ नाही, आवाज नाही, चपला बाहेर. उपकरणंही आदल्या दिवशीच मांडवात गेलेली. त्या खोलीकडे फिरकायला कुणाला काही कारणच नव्हतं.

ही गोष्ट मी एकट्या मुबीनला सांगितली. मुबीन आमचा इलेक्ट्रिशियन. बाकी कुणाला सांगायची सोय नव्हती. दोनदा आपटलेला माणूस तिसऱ्यांदा बसतोय हे गणराजला कळलं असतं तर कँटीनमध्ये माझी वरात निघाली असती.

"सर, तुम्ही बिनधास्त बसा," मुबीन म्हणाला. "दाराबाहेर मी आहे. मुंगी आत जाणार नाही."

गेज रूममधला एसी हाडं गोठवणारा, म्हणून वर्षालीने आग्रहाने लग्नातला कोट बरोबर दिला होता. तो चढवला. बटण लागलं नाही, पण कॅमेऱ्यात पोट येत नव्हतं. मोबाइल मुबीनच्या हवाली केला आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर एक तरुण बाई आल्या. "नमस्कार सर, मी तेजस्विनी. आजच्या परीक्षेची पर्यवेक्षक. लॅपटॉप फिरवून खोली दाखवा."

दाखवली.

"सर, मागे ते कोण उभे आहेत?"

"कुणी नाही, मॅडम."

"हेल्मेट घातलेले गृहस्थ. बोट उगारलंय त्यांनी."

"मॅडम, ते पोस्टर आहे. सुरक्षिततेचं."

"सिस्टीमला तो चेहरा वाटतोय. त्यांना बाहेर काढा."

बाहेर कुठे काढणार? कंपनीचं ठसठशीत नाव असलेलं ते पोस्टर मी उलटं करून भिंतीला लावलं. बाहेर सणाची पूजा आहे, लाउडस्पीकरचा आवाज येईल, हेही त्यांना सांगून ठेवलं. "लाउडस्पीकर चालेल," त्या म्हणाल्या, "माणूस चालणार नाही. आता यापुढे तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. ऑल द बेस्ट!"

आणि पेपर सुरू झाला.

सुरुवात झकास झाली हो! प्रश्न ओळखीचे. मी दोन बोटांनी टाईप करतो, पण ती दोन बोटं त्या दिवशी ढोलताशा पथकासारखी चालली होती. शेवटचा प्रश्न तेवढा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त मार्कांचा. त्याच्याशिवाय पास होणं अशक्य! प्रश्न असा: अनुभवी कर्मचारी कंपनी सोडून जाऊ नयेत म्हणून व्यवस्थापनाने काय करावं? आठ उपाय लिहा.

मला तीन सुचले. पगारवाढ, नियमित पगारवाढ, आणि घरच्यासारखं वातावरण. पुढे मेंदूचं शटर खाली!

मी चौथ्या उपायासाठी डोकं खाजवत होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली. "मुबीन! आरतीला स्पीकर बोलंना! ये लवकर!" आणि मुंगी अडवणारा माझा पहारेकरी पळाला. पावलांचा आवाज लांब जाताना मला स्पष्ट ऐकू आला. पण उठता येईना, ओरडता येईना!

मिनिटभरात काचेवर काहीतरी टकटकलं. बघायचं नाही, असं मी डोळ्यांना बजावलं. डोळे मेले फितूर! वळलेच. काचेला नाक चिकटवून गणराज उभा होता. त्याने माझा कोट पाहिला. उलटं केलेलं पोस्टर पाहिलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यातली बाई पाहिली. भुवया डोक्याच्या मागे जातील इतक्या वर नेल्या आणि 'काय राव?' अशी मान उडवली. मग जी धूम ठोकली म्हणता!

पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं: पहिली ताकीद.

गणराज कुठे गेला हे कळायला मला ज्योतिषी नको होता. शेजारी नवी कंपनी सुरू झाल्यापासून आमच्याकडची माणसं धडाधड गळत होती. आणि गेलेल्या प्रत्येकाने इंटरव्ह्यू दिला होता तो आमच्याच कंपनीच्या कोपऱ्यात, आमच्याच वायफायवर, लॅपटॉपसमोर! आमचे प्लँट हेड सोपानराव हल्ली कुणाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट दिसला तरी हबकायचे. मी तर कोटात होतो!

आता जाऊन खुलासा करायचा तर पेपर जातो. बसून राहावं तर नोकरीवर गंडांतर. मी बसून राहिलो.

दार उघडलं. मी डोळे खिळे ठोकल्यासारखे पडद्यावर रोखले. सोपानराव नव्हते. हातात पूजेचं तबक घेऊन अर्जुनराव आत आले. अर्जुनराव म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. कंपनीची जागा एके काळी त्यांच्या चुलत्याचं वावर होतं, त्यामुळे पूजेचा मान त्यांचा.

"साहेब, समद्या हत्यारांची पूजा झाली. तुमचं येवढं ऱ्हायलंय बगा."

मी गप्प.

"आवं, तुमचं हत्यार ह्येच न्हवं का? दिसभर ह्येलाच तर बडवत आसता."

मी गप्प. फक्त नाकपुड्या फेंदारल्या.

"मौन धरलंय व्हय? धरा, धरा. नवरात हाय." स्वतःच प्रश्न घालून स्वतःच उत्तर काढलं आणि अर्जुनरावांनी बोटावर कुंकू घेतलं. देवाला, मशिनला, माणसाला कुंकू कुठे लावतात? कपाळाला. मध्यभागी. आणि लॅपटॉपचा कॅमेरा कुठे असतो? कपाळाला. मध्यभागी!

पडद्यावरचं माझं चित्र एकदम शेंदरी अंधारात बुडालं. 'चेहरा दिसत नाही, चेहरा दिसत नाही,' असं पडदा किंचाळायला लागला. अर्जुनरावांनी वर अक्षता उधळल्या, त्यातल्या निम्म्या कीबोर्डच्या फटीत गेल्या. झेंडूचं फूल वाहिलं. हात जोडले. आणि म्हणाले, "आता उद्यापातुर ह्येला हात न्हाई लावायचा बरं का!"

असं म्हणून त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटायला घेतलं!

मी दोन्ही हातांनी धरलं. ते खाली दाबताहेत, मी वर रेटतोय. साठीला टेकलेला माणूस, पण जन्मभर बिजागऱ्या दाबलेला! झाकण मिटलं की परीक्षा आपोआप संपली, एवढंच मला दिसत होतं.

"आवं सोडा की साहेब! पुजलेलं हत्यार चालवू न्हाई! वंगाळ आसतंय!"

मी मान हलवली. डोळ्यांनी विनवलं. शेवटी त्यांनीच हात काढला. "तुमची मर्जी. पर मशिन कोपली तं मला बोलू नका!" आणि तबक सावरत निघून गेले.

दुसरी ताकीद!

कोटाच्या बाहीने कॅमेरा पुसला, तर कुंकू जायच्या ऐवजी सगळीकडे पसरलं. तेजस्विनी मॅडमचा मेसेज आला: 'सर, तुम्ही लालबुंद दिसताय. बरं वाटतंय ना?' मी अंगठा वर केला. 'हातवारे करू नका. आता शेवटची संधी.'

तीन उपाय झालेले. पाच बाकी. थोडाच वेळ उरलेला. बाहेर मुबीनला यश आलं असावं, कारण आरती एकदम दणक्यात सुरू झाली. काचा थरथरू लागल्या. आणि त्या गजरातच दार पुन्हा उघडलं.

सोपानराव. बूट बाहेर काढून, मोज्यांवर, मांजराच्या पावलांनी आत आले. टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पाठीशी स्टूल ओढून बसले. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हते, पण मला दिसत होते. डोळे पाणावलेले.

"चालू दे विलास, चालू दे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी एक अक्षर बोलणार नाही."

आणि बोलायला लागले.

"गणराजनं सांगितलं मला. कोट घातलास. कंपनीचं पोस्टर उलटं केलंस. इतकी लाज वाटते का रे आमची?"

मी डोळ्यांनी 'बाहेर जा' असं सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून त्यांना हुंदका आला.

"रडू नकोस. चूक आमची आहे. तुला शनिवारी सुट्टी पाहिजे होती ना? घे! दर शनिवारी घे!"

काय सांगू तुम्हाला! माझं डोकं जागच्या जागी थांबलं होतं, पण दोन बोटांना उपाय दिसला. त्यांनी परस्पर लिहिलं: चार, साप्ताहिक सुट्टीत वाढ.

"दिघीहून रोज त्या मोशीच्या ट्रॅफिकमधून मोटरसायकलवर येतोस. कंपनीची गाडी लावतो. घरून उचलेल, घरी सोडेल."

पाच, वाहतुकीची सोय.

माझी बोटं पळताना पाहून सोपानरावांना वेगळीच शंका आली. म्हणजे खात्रीच झाली. "हं! लिही, लिही! कळव त्या बाईला! आमच्याकडे काय काय मिळतं ते तिकडच्यांना पण कळू दे! मुलगी दहावीला ना तुझी? तिच्या पुढच्या शिक्षणाचं कंपनी बघेल!"

सहा, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य.

"आणि माणसाला मान लागतो, रे. मी तुझ्याशी कधी चार शब्द नीट बोललो नाही. यापुढे रोज सकाळचा चहा माझ्या केबिनमध्ये, आपण दोघं!"

सात, व्यवस्थापन आणि कर्मचारी यांच्यात मोकळा संवाद.

आठवा उपाय राहिला. मी थांबलो. घड्याळ पळत होतं. मी सोपानरावांना काही विचारूही शकत नव्हतो, पण कान त्यांच्याकडे ताणले होते. माणसाने काहीतरी बोलावं म्हणून मी आयुष्यात इतकी वाट कुणाची पाहिली नव्हती, वर्षालीने लग्नाला होकार द्यायच्या वेळीसुद्धा नाही! माझी बोटं थांबलेली पाहून सोपानरावांचा चेहरा उतरला. एवढ्याने भागत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी घाम पुसला. मोठा श्वास घेतला.

बाहेरची आरती नेमकी त्या क्षणी संपली, आणि त्या गपकन पडलेल्या शांततेत सोपानराव गरजले, "बरं! ती खुर्ची! असिस्टंट प्लँट मॅनेजर! दिली तुला! आता?"

आठ, बढती. शेवटचं अक्षर टाईप झालं आणि लॅपटॉपमधून तेजस्विनी मॅडमचा आवाज कडाडला.

"सर! खोलीत कोण बोलतंय?"

सोपानरावांनी शत्रूचा आवाज ओळखला. ते उठले, वळसा घालून आले आणि माझ्या गालाला गाल लावून कॅमेऱ्यात घुसले. "नमस्कार मॅडम! मी बोलतोय!"

"तुम्ही कोण?"

"याचा साहेब!"

"तुम्ही तिथं काय करताय?"

"जे आम्ही आधीच करायला हवं होतं ते!"

"तुम्ही यांना मदत करत होता?"

"मदत? अहो, याला जे सुचलंसुद्धा नव्हतं ते सगळं मी दिलंय! एकेक मुद्दा मी दिलाय! विचारा त्याला!"

"साहेब!" मी ओरडलो. पेपर सुरू झाल्यापासूनचा माझा पहिला शब्द.

"तू थांब, मला बोलू दे. मॅडम, आणि अजून लागलं तरी देणार!"

"हे सगळं रेकॉर्ड होतंय, सर."

"होऊ द्या! सही करून देतो! आमच्या माणसासाठी आम्ही काय वाटेल ते करू!"

पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं: परीक्षेत बाहेरची मदत घेतल्यामुळे पेपर रोखण्यात येत आहे. सोपानरावांना चष्म्याशिवाय ते दिसलं नाही. त्यांनी माझ्या पाठीत दणदणीत थाप मारली. "बघ, पळाली! टिकली नाही पुढे!"

आणि हाताला धरून मला मांडवात नेलं. लाउडस्पीकरवर जाहीर केलं, "आपले नवे असिस्टंट प्लँट मॅनेजर!" टाळ्या पडल्या. अर्जुनरावांनी माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. गणराजने पेढा घेतला तो औषधाच्या गोळीसारखा गिळला. मुबीन कोपऱ्यातून अंगठा दाखवत होता. पेपर चांगला गेला म्हणूनच हे चाललंय, अशी त्याची समजूत!

मी काही बोललो का? नाही. सबंध दिवस गप्प राहायची सवय झाली होती. घरी जाऊन सांगितलं, तर वर्षालीने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग दिघीभर फोन लावले. "अहो, आता तुम्ही साहेब!" तिचा आनंद पाहून पुढचं वाक्य मी गिळलं. खुर्ची मिळाली होती, पण मुख्य कार्यालयाला पदवी दाखवल्याशिवाय ती पक्की होणार नव्हती, आणि पदवी तर खुर्ची मिळवताना बुडाली होती!

दसऱ्यानंतर संस्थेची मेल आली. चौकशी समितीपुढे हजर राहा, सोबत 'मदत करणाऱ्या व्यक्तीला' आणा. नाहीतर नोंदणी रद्द आणि तुमच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाला कळवण्यात येईल.

बघा हं माझी कोंडी. मी खरं सांगितलं तर सोपानरावांना कळणार, की मी कुठेही चाललो नव्हतो. नाही सांगितलं तर पदवी गेली, खुर्ची गेली, वर सोपानरावांचीही अब्रू गेली! दोन दिवस सकाळचा चहा त्यांच्या केबिनमध्ये प्यालो. घशाखाली उतरला नाही. तिसऱ्या दिवशी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

सोपानरावांचा कप तोंडाशीच राहिला. "परीक्षा?"

"हो साहेब."

"मग ती बाई..."

"पर्यवेक्षक."

"आणि मी तिला सांगितलं, की एकेक मुद्दा मी दिला?"

"सही करून देतो असंही म्हणालात, साहेब."

चौकशीच्या दिवशी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर शेजारी शेजारी बसलो, साखरपुड्याच्या जोडप्यासारखे. पलीकडे समितीचे तिघे जण. त्यांनी आम्हाला रेकॉर्डिंग ऐकवलं. सुट्टी, गाडी, शिक्षण, चहा, खुर्ची. आणि त्याच क्रमाने माझं उत्तर वाचून दाखवलं. मला पृथ्वी दुभंगायला हवी होती, पण ती चाकणला कुठेही सोयीची नसते, खाली सगळं काँक्रीट.

अध्यक्षांनी सोपानरावांना विचारलं, "तुम्ही यांना उत्तर सांगत होता का?"

"नाही. हा नोकरी सोडतोय असं वाटलं, म्हणून त्याला थांबवत होतो."

"म्हणजे हे सगळं तुम्ही खरोखर देऊ केलं होतं? की नुसतं उत्तरासाठी?"

खोटं होतं म्हणाले तर मी कॉपीबहाद्दर. खरं होतं म्हणाले तर शब्द रेकॉर्डवर! सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"खरोखर देऊ केलं होतं," ते म्हणाले.

समितीने आपसांत कुजबुज केली. मग अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. मालकाने नोकराला दिलेलं आश्वासन, ही परीक्षेतली मदत धरता येणार नाही. पेपर तपासायला पाठवतो." आणि लॅपटॉप बंद झाला.

माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "साहेब, उपकार झाले! आणि ते... शनिवारची सुट्टी, गाडी, खुर्ची..."

सोपानरावांनी चष्मा पुसला. आवाजात राग नव्हता, उलट मोठी मोकळीक होती. "विलास, मला एक सांग. तुला दुसऱ्या कुठल्या कंपनीनं बोलावलंय?"

"नाही, साहेब."

"कुठल्याच?"

"कुठल्याच नाही."

"मग एवढी घाई कशाची? बस की निवांत! पुढच्या वर्षी गणराजचंही एमबीए होईल, तेव्हा दोघांचं मिळून बघू."

महिन्याभराने निकाल लागला. मी पास! वर्षालीने पुन्हा साखर ठेवली, या वेळी थोडी कमी. हौसेने उत्तरपत्रिकेची प्रत मागवून घेतली. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त मार्क होते. शेजारी परीक्षकांनी शेरा मारला होता: 'उपाय उत्तम. पण कुठलीही कंपनी एवढं देत नसते.'